बी धरू देऊ नका

आमच्या प्रताप नगरातल्या वासनिककाकांना वाळकं फूल दिसलं की त्यांचा हात थांबत नाही. कुंडी आपली की परकी, हे ते बघत नाहीत. सरळ गेट उघडून आत येतात आणि खुडायला लागतात. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या हारातला सुकलेला झेंडू उपटला. तो बिचारा आशीर्वाद समजून त्यांच्या पाया पडला!

पहिल्यांदा माझ्या पिटुनियावर धाड पडली तेव्हा मी चांगलीच तापले. "काका, माझी फुलं आहेत ती!"

"फूल कुठचं वं, हे तर बी धरून राहिलं." वाळक्या पाकळ्यांखालची हिरवी बोंडी त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. "हंगामी झाड आहे हे. एकदा बी धरलं का त्याले वाटते, झालं आपलं काम. मंग वाळते. बी धरू नको देऊ, बिचारं फुलत राह्यते."

एवढं ज्ञान फुकट मिळालं, म्हणून मी चहा पाजला.

माणूस बुटीबोरीच्या कापडगिरणीतून निवृत्त झालेला. जन्मात कधी झारी धरली नव्हती. मग हे वेड काहून? हळूहळू कळलं. त्यांच्या अंगणातली पिटुनिया काकूंनी पेरलेली. रोपं कुंड्यांत लावली आणि काकू सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "फुलं सरायच्या आत येते."

झालं! काकांनी फुलं सरूच दिली नाहीत. संक्रांत गेली, होळी गेली. उन्हानं आमच्या कुंड्या कधीच्या रिकाम्या झाल्या. काका मात्र हिरवी जाळी बांधून, दोन वेळा पाणी घालून खुडतच राहिले. रोज एक फोटो पुण्याला जायचा. सगळी कॉलनी हसायची, मीसुद्धा.

काल कैऱ्या द्यायला गेले, तर कुंड्यांत वाळकी फुलं तशीच. काका ओट्यावर बसलेले, हात मांडीवर.

"काका, बरं नाही का?"

"मले काय होते? सुनबाईची सुट्टी सरली. लेकराले पाहाले कोणी नाही. काकू आता दसऱ्याले येते म्हणते."

उगाच मी एक वाळकं फूल खुडायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे वं पोरी. धरू दे आता बी. दसऱ्याले ती आली का हेच देतो तिच्या हातात."