शर्ट बटणासकट

कल्लाप्पा शर्ट हातात घेतो तेव्हा कॉलर बघत नाही, कापड बघत नाही. आधी बटणं बघतो. एक जरी कमी भरलं तरी शर्ट मांडीवर आडवा टाकतो आणि आमच्या दारात बसल्या बसल्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "आक्का, शर्ट द्यायचा तर शर्ट द्या. शर्टाचं मढं नको."

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी द्यायचा त्याचा धंदा. एरवी हे काम बायका करतात; आमच्या अनगोळात मोपेडला भांड्यांची पाटी बांधून फिरणारा हा एकटाच पुरुष. राहतो सांबऱ्याला. मिळालेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून निपाणीच्या आठवडी बाजारात विकतो. तंबाखूच्या वखारीत राबणारी माणसं ते घेतात.

तसं त्याचं खरं होतं. कपडा देऊन टाकायच्या आधी बटणं तोडून ठेवायची, ही आमच्या घरातली जुनी रीत. आईचा बटणांचा डबा माझ्याकडे आला आणि मी त्यात इमानेइतबारे भर घातली. त्यातलं एक बटण आजवर कशाला लावलं असेल तर शपथ! शाळेत मुलांना दानाचं महत्त्व शिकवायचं आणि घरी येऊन कात्री शोधायची, असा माझा कारभार.

मग गल्लीतल्या मंडळाने माणुसकीची भिंत सुरू केली. नको असलेले कपडे आपण अडकवायचे, ज्याला हवेत त्याने न्यायचे. उद्घाटनाला हार, नारळ, माईक, सगळं होतं. कल्लाप्पा तिथून चालला होता. त्याने मोपेड थांबवली, भिंतीवरचे शर्ट ओळीने चाचपले आणि माईकपेक्षा मोठ्याने म्हणाला, "माणुसकी लई हाय. बटणं तेवढी न्हाईत."

लोक हसले, पण शब्द झोंबला. गल्लीतल्या बायकांनी कात्र्या आवरल्या. मीही आवरली. कल्लाप्पाला अख्खे शर्ट मिळायला लागले. तो खूश व्हायला हवा होता, तर उलट गप्पच झाला. बटणं बघायचा, मान हलवायचा, भांडं ठेवून निघून जायचा. भांडायला कारण उरलं नाही म्हणून करमत नसेल, असं मला वाटलं.

मध्यंतरी माझ्याकडून घोटाळा झाला. नवऱ्याचा इस्त्रीला काढलेला निळा शर्ट जुन्या गठ्ठ्यातून कल्लाप्पाकडे गेला. त्यावरून घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बस धरून मी सांबऱ्याला गेले.

कल्लाप्पा अंगणात बसला होता. मांडीवर तोच निळा शर्ट, हातात कात्री. माझ्या डोळ्यांदेखत त्याने त्याची दोन बटणं कापली.

माझं डोकं फिरलं. "अण्णा! आम्हाला गल्लीभर शहाणपण शिकवता, आणि स्वतः..."

त्याने घाईने ओठांवर बोट ठेवलं. शर्ट घेऊन तो आत गेला आणि त्याचा नेहमीचा भांडखोर आवाज आला, "शांता, बघ गं. अनगोळची माणसं काय सुधारत न्हाईत. ह्यालाबी दोन बटणं न्हाईत."

"ठेवा हिकडं," आतून एक जड, अडखळता आवाज आला. "तोडायला बरं हात चालत्यात त्यांचं."

तो बाहेर आला आणि हळू आवाजात सांगायला लागला. पूर्वी त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तो शिवायचा, काज-बटण बायको करायची. रेडिमेड आलं आणि दुकान मोडलं. पुढे तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

"तुमच्या तोडलेल्या बटणांनीच तिला उठवून बसवलंतं, आक्का. एक बटण लावायला अर्धा तास लागायचा, पर लावायची. माझी आपली धंद्याची खोड, अर्धा शर्ट बघवत न्हाय, म्हणून बोलत ऱ्हायलो. भिंतीपाशी बोललो आन् समदी बटणासकट द्यायला लागली. ती म्हणाली, आता माझं काय काम? चार दिस अंथरुणातनं उठली न्हाय." त्याने मूठ उघडून कापलेली बटणं बघितली. "मग काय करू, सांगा."

मी ओसरीवर बसून राहिले. तासाभराने शांताक्का भिंत धरत बाहेर आली. निळ्या शर्टावर दोन बटणं पांढऱ्या दोऱ्याने लावलेली, त्यातलं एक तिरकं.

"शर्ट ह्यांचा हाय," कल्लाप्पा म्हणाला. "न्यायला आल्यात."

तिचा चेहराच बदलला. किती वर्षांनी तिच्या दारात शर्ट न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. डाव्या हाताने तिने सावकाश घडी घातली, माझ्या हातात दिली. "मालकास्नी घालून बघू दे. कायबी कमीजास्त असलं तर परत आणा."

 मी मान हलवली आणि घडी न मोडता शर्ट पिशवीत ठेवला.

ते तिरकं बटण नीट करून दे, असं नवरा अधूनमधून म्हणतो. मी त्या बटणाला हात लावत नाही.

आणि हल्ली मी कपडे द्यायच्या आधी पुन्हा बटणं तोडते. कागदाच्या पुडीत बांधून त्याच शर्टाच्या खिशात ठेवते. कल्लाप्पा दारात बसतो, शर्ट उलगडतो, खिसा चाचपतो. पुडी हाताला लागली की जरा थांबतो. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो, "आक्का, परत मढंच दिलंसा व्हय!"

शेजारच्या बायका हसतात. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेते.