दोन खुर्च्यांचे सोनटक्केकाका

माझा उजवा गुडघा आज वाकतो तो सोनटक्केकाकांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला जागा सापडेल याची खात्री नाही.

विश्रांतवाडीत मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो. काका अंगणात दोन खुर्च्या अडवून बसतात. एकीवर स्वतः, दुसरीवर त्यांचा डावा पाय, काठीसारखा ताठ. आलेल्याने "बसू का?" विचारलं तर म्हणतात, "बसा की, जमीन आमचीच आहे." जन्मभर लॅबमध्ये नळ्या तपासल्या, त्यामुळे माणसापेक्षा नमुन्यावर विश्वास. "आधी नमुना दाखवा, मग बोला," हे भाजीवाल्यालाही.

मी गोंदियाकडचा, नववीतून शाळा सोडलेला, फरशी बसवणारा. म्हणजे माझं पोट गुडघ्यावर चालतं. वारज्याच्या साइटवर तोच खरचटला आणि चौथ्या दिवशी नारळाएवढा सुजला. लाल, गरम, अंगात ताप. चादर लागली तरी जीव जायचा. आमच्या मुकादमाला गाउट आहे, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साचून सांधे सुजतात, म्हणून त्याच्या मते जगातला प्रत्येक गुडघा गाउटचाच. त्याने रक्त तपासायला लावलं, युरिक अ‍ॅसिड जास्त निघालं, आणि मोठ्या मनाने त्याने स्वतःच्याच गोळ्या मला दिल्या. गाउटला डाळ वर्ज्य म्हणाला, मी वरण सोडलं. गुडघ्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

काकांनी मला लंगडताना पाहिलं.

"डॉक्टर कोण आपले?"

"मुकादम, जी."

"वा! मग सिमेंटच भरून घ्या गुडघ्यात."

"पण काका, रिपोर्टात युरिक अ‍ॅसिड..."

"अहो, ते रक्तातलं! गुडघ्यात काय आहे ते गुडघ्याला विचारा. सुईने आतलं पाणी काढायचं. गाउट असेल तर मायक्रोस्कोपखाली बारीक सुयांसारखे खडे दिसतात, नाहीतर जंतू. कधी दोन्ही. बाहेरून दोघांचं तोंड सारखंच. आणि जंतू असले तर चार दिवसांत सांधा खाऊन मोकळे. रिक्षा बोलवा."

दवाखान्यात सुई पाहिली आणि मी म्हटलं, "काका, आधी गावी आईला विचारून येतो."

मला वाटलं, आता चांगलाच टोमणा बसणार. काका आपल्या ताठ पायाकडे बघत होते.

"मीही असाच भ्यालो होतो. दुसऱ्यांच्या गुडघ्यांचं पाणी तपासलं आणि स्वतःचा सुजला तेव्हा गाउटच असेल म्हणत घरी बसलो. ऊठ म्हणणारं घरात कोणी नव्हतं." मग पहिल्यांदाच मला अरेतुरे केलं. "ऊठ तू."

पू निघाला. त्याच दिवशी सांधा धुतला. दुसऱ्या दिवशी काकांचा डबा आला, त्यात वरण.

घरी परतलो तेव्हा अंगणात त्याच दोन खुर्च्या होत्या. पण काकांचा पाय उलट्या बादलीवर.

"बघताय काय? ठेवा पाय. खुर्चीला भाडं नाही."

त्यांच्या बाथरूमला उंच उंबरा आहे. रोज सकाळी ते दोन्ही हातांनी पाय उचलून पलीकडे ठेवतात, हे मला खिडकीतून दिसतं. गुडघा टेकता आला की पहिलं काम तेच. उंबरा फोडून सपाट फरशी बसवीन. तिरकी बसली म्हणतील. म्हणोत.