काचमुलखावर हिरवा गनीम चालून आला त्याची हकीकत

॥ श्री ॥ ज्याने पृथ्वीभोवती सात समुद्र घातले आणि आठवा एका दिवाणखान्यात नांदू दिला, त्या नारायणास साष्टांग नमन करोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, आषाढी एकादशीपासोन दसऱ्यापर्यंत काचमुलखात जे वर्तले ते जैसे घडले तैसे लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी, आणि लिहिणाराचाही क्रोध अद्याप उतरला नाही, तरी शब्द तिखट लागल्यास वाचणाराने वर पाणी प्यावे.

काचमुलूख म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील चार फूट लांबीचा काचेचा टँक. चतुःसीमा ऐशी की पूर्वेस खिडकी, पश्चिमेस सोफा, उत्तरेस भिंत आणि दक्षिणेस टीव्ही. आंत खारे पाणी, खडकांचे गड, दोन केशरी पट्टेरी मासे, एक पिवळा मासा, शेवाळ चरून खाणारी गोगलगायींची फौज, आणि मधल्या गडावर जांभळे प्रवाळ. हे प्रवाळ यशोधराबाईंनी सात वर्षांमागे नखाएवढे आणिले आणि वाढवून ताटाएवढे केले. त्या घरात पडदे नणंदेच्या पसंतीचे, भांडी सासूबाईंच्या पसंतीची, सोफा तर कोणाच्याच पसंतीचा नव्हे. एक हे प्रवाळ मात्र बाईंचे होते. बाई शाळेत शिकवीत. पहाटे उठोन मीठ मोजावे, पाणी बदलावे, काच पुसावी, आणि मग डबा भरोन अकरास शाळेत जावे, ऐसा नित्यक्रम. आणि त्यांचे यजमान शिरीषराव? ते संध्याकाळी पाहुण्यांपुढे सोफ्यावर बसत आणि हात पसरोन म्हणत, "हा माझा समुद्र!" त्यांनी त्या समुद्रात करंगळी म्हणून बुडविली नव्हती.

ऐसे असता श्रावणमासी खडकावर एक हिरवा केस दिसो लागला. बाईंनी उपटला. दुसरे दिवशी दहा, आणि आठा दिवसांत सर्व गडांस हिरव्या जटा फुटल्या, आणि गनीम सरकत सरकत जांभळ्या प्रवाळाच्या बुडाशी येऊन ठेपला. मग बाईंनी कंबर कसली. जुना दात घासण्याचा ब्रश घेऊन खडक घासिले, दिवे तीन दिवस मालविले, खिडकीस जाड पडदा लाविला, पाणी आठवड्यात दोन वेळा बदलिले, आणि नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकोन पाहिले तो रंग गडद निळा! निळा जितका गडद तितके पाण्यात खत जास्त, आणि खत होते ते अन्न कुजोन. बाई तर माशांस दिवसाआड चिमूटभर खाणे घालीत, तेही मोजून. मग हे खत येते कोठून? बाईंस कळेना. पाणी बदलावे तो रंग उतरे, आणि दोन दिवसांनी पुन्हा जैसे थे.

शिरीषरावांस मात्र सर्व कळत होते! ते म्हणाले, "तू जास्त खायला घालतेस. तुझा हात सैल आहे." बाई म्हणाल्या, "अहो, मोजून घालते." राव म्हणाले, "मग मोजता येत नसेल." गणित शिकविणाऱ्या बाईस हे वाक्य! आणि एवढ्यावर न थांबता, बाई शाळेत गेलियावर रावांनी कोणा दुकानदाराने गळ्यात मारलेली शेवाळनाशक बाटली न विचारता पाण्यात रिती केली. संध्याकाळी पाहतात तो बारा गोगलगायी उताण्या. जी फौज शेवाळ खात होती तीच सरकाराने स्वहस्ते मारिली, आणि शेवाळ दोन दिवस मान टाकोन तिसरे दिवशी पुन्हा ताठ. बाईंनी गोगलगायी एकेक वेचोन काढिल्या. राव म्हणाले, "बाटलीवर नीट लिहायला नको त्यांनी?" वा रे कारभार! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

भाद्रपदात नणंदेचे यजमान दादासाहेब गणपतीस आले आणि टँककडे पाहोन हसोन म्हणाले, "काय शिरीष, पालकाची लागवड कधीपासून?" सर्व मंडळी हसली. तेव्हां शिरीषरावांनी, ज्यांचा तो समुद्र गेली सात वर्षे होता त्यांनी, खांदे उडवून उत्तर दिले, "अहो, हा सगळा हिचा कारभार. मी सांगून सांगून थकलो." काय म्हणावे या जिभेस! फुले फुलली तेव्हां दौलत रावांची, शेवाळ आले तेव्हां बाईंची. बाई आंत मोदक वाढीत होत्या, त्यांनी ऐकिले, आणि हातातले ताट तसेच ओट्यावर ठेविले. पाहुणे गेलियावर रावांनी हुकूम फर्माविला की, "दसऱ्याला टँक दुकानदाराला देऊन टाकू. इथे शोकेस ठेवू." बाई म्हणाल्या, "आणि माझं प्रवाळ?" राव म्हणाले, "तसंही मरतंच आहे." तेव्हां ताटाएवढ्या प्रवाळाची वाटी उरली होती, हे खरे.

आश्विन लागला आणि नवरात्रात बाई टँकच्या गाळणीचे फडके धूत असता त्यांच्या बोटास कागदाचा कपटा लागला. उलगडोन पाहतात तो पेन्सिलीने लिहिलेले "श्रीराम". अक्षर किंचित कापरे. फडके झटकिले तो आणखी नऊ कपटे निघाले, सर्वांवर श्रीराम. अक्षर सासूबाईंचे, म्हणजे आईसाहेब द्वारकाबाईंचे होते.

दुसरे दिवशी बाई अर्धी रजा टाकोन दुपारीच परतल्या आणि दार हळूच लोटोन पाहतात तो आईसाहेब स्टुलावर बसल्या आहेत, मांडीवर ताटली, ताटलीत कणकेच्या एकवीस गोळ्या, आणि प्रत्येक गोळीत रामनामाची चिठी. एकेक गोळी पाण्यात सोडावी आणि म्हणावे, "खा रे बाळांनो." दरसाल चातुर्मासी हा नेम त्या नदीवर जाऊन करीत, यंदा गुडघे गेले, नदी दूर, आणि मासे तर घरातच! पट्टेऱ्यांनी दोन गोळ्या खाल्ल्या, पिवळ्याने एक हुंगोन सोडिली, बाकीच्या अठरा खडकांच्या फटीत जाऊन बसल्या, आणि तेथेच कुजत होत्या आषाढीपासोन रोज. बाई पावले न वाजविता जिना उतरल्या आणि खाली बाकावर जाऊन बसल्या. म्हातारीच्या तोंडावर ते समाधान त्यांनी तीन महिन्यांत पाहिले नव्हते. सांगावे तर नेम मोडतो, न सांगावे तर प्रवाळ जाते. तीन दिवस बाई रोज रात्री फटींतली कणीक गुपचूप वेचीत राहिल्या.

चौथे दिवशी दसरा दोन दिवसांवर आला आणि राव बाईंदेखत दुकानदारास फोन लावो लागले. तेव्हां बाईंनी दहाही कपटे त्यांच्यापुढे मांडिले आणि सर्व वर्तमान सांगितले. रावांनी फोन ठेविला, कपटे पाहिले, आणि चेहरा एकदम मऊ करोन म्हणाले, "अगं, आईची श्रद्धा आहे. म्हातारं माणूस. एवढ्याशा कणकेनं काय होतंय? घे सांभाळून."

ऐकिले? एवढ्याशा कणकेने! मग बाईंचा दोन महिन्यांचा बांध फुटला. "चूक माझी वाटत होती तोवर टँक मोडायला निघालात. चारचौघांत माझं नाव घेतलंत. आणि आता चूक आईंची निघाली तर लगेच श्रद्धा? मला एक दिवस तरी असं सांभाळून घेतलंत का हो?" राव म्हणाले, "हळू बोल, आई ऐकेल."

"ऐकलंय," आईसाहेब दारातून म्हणाल्या. काठी टेकीत आंत आल्या, कपट्यांकडे पाहिले, हिरव्या खडकांकडे पाहिले, आणि प्रथम सुनेस म्हणाल्या, "मला का नाही गं बोललीस?" बाई म्हणाल्या, "तुमचा नेम मोडला असता." आईसाहेबांनी डोळ्यांस पदर लाविला आणि मग लेकाकडे वळल्या. "शिऱ्या, तिला चोर ठरवलंस आणि मला साधू? माझ्या पुण्यापायी तिनं शिव्या खायच्या? असलं पुण्य माझ्या रामाला तरी चालेल का रे? आणि त्या मुक्या गोगलगायी मारल्यास त्या कोणाच्या श्रद्धेनं?" मग आईसाहेबांनी तेथेच निवाडा केला की, टँक जागचा हलणार नाही. पाण्याच्या बादल्या शिऱ्या उचलील. आणि नेम राहील तो ऐसा की, कणीक बंद, रोज शेवाळाच्या एकवीस जुड्या उपटायच्या, एका जुडीस एक रामनाम. त्याच दिवशी सुनेने त्यांस स्टूल दिले, लांब चिमटा दिला, आणि म्हातारी खडकाशी भिडली.

दसऱ्याचे दिवशी दादासाहेब सोने द्यावयास आले. मधल्या गडावरचे हिरवे बरेच उतरले होते. जांभळ्या प्रवाळाची फुलासारखी उमलणारी सात तोंडे उरली होती, पैकी एक त्या दिवशी उघडले होते. दादासाहेब म्हणाले, "अरे वा! पालक काढला वाटतं." शिरीषराव सवयीने सोफ्यावर मागे रेलले, हात पसरिले आणि म्हणाले, "शेवटी माझा समुद्र..."

"कोणाचा?" आईसाहेबांनी चिमटा पाण्यातून न काढता विचारिले.

रावांचे हात हळूहळू खाली आले. "हिचा," ते म्हणाले.

येणेप्रमाणे काचमुलखाचे वर्तमान. बारा गोगलगायी आणि ताटभर प्रवाळ गेले ते परत आले नाही, आणि भाद्रपदातले ते बोलणेही पुसले गेले नाही. खडक घासले तर निघतात. बोललेले घासायचा ब्रश लिहिणाराने अद्याप पाहिला नाही. लेखनसीमा.