कॉम्प्युटरवर ओलं पोतं

आमच्या पिंपरीच्या कंपनीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला हात लावायला एक माणूस पुढे येत नव्हता! युनियनवाले म्हणत, हा राक्षस आपल्या नोकऱ्या खाणार. हिशेब खात्यातले कारकून त्या खोलीवरून जाताना आवाज न करता जात, जणू आत वाघ झोपलाय! मी एकटा छाती काढून साहेबांपुढे उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, मला द्या!"

माझा विचार सरळ होता. मी तेव्हा लेथवर होतो, आणि लेथवर आज हा, उद्या तो. पण कॉम्प्युटर ज्याला कळला त्याला कंपनी सोडणार कशी? माझ्याबरोबरची पोरं ओव्हरटाइमच्या मागे लागली होती, मी अख्ख्या आयुष्याची सोय बघत होतो! मुंबईला जाऊन ट्रेनिंग घेतलं आणि 'सिस्टिम ऑपरेटर' होऊन परत आलो. ठरवूनच टाकलं, अर्जुनराव, आता निवृत्त व्हायचं ते याच खोलीतून!

कंपनीत वट वाढली. पण लग्न जमेना! चाकणकडच्या आमच्या लोकांना फिटर कळतो, टर्नर कळतो, एसटीचा कंडक्टर तर फारच कळतो. सिस्टिम ऑपरेटर म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघत, जणू मी पत्ता चुकलोय.

रंभाला बघायला गेलो तेव्हाही तेच. तिचे वडील हिंदुराव. बागायतदार माणूस, विहिरीवर स्वतःचं डिझेल इंजिन. त्यांनी सुरुवातच केली, "काय काम करता?"

"सिस्टिम सांभाळतो."

"कुनाची?"

"कंपनीची. म्हणजे कॉम्प्युटरची."

"आन त्यो काय बनिवतो?"

"बनवत नाही काही. हिशेब करतो, पगाराच्या चिठ्ठ्या छापतो."

"मंग तुमी काय करता?"

"मी तो चालू ठेवतो."

हिंदुरावांनी बहिणीकडे पाहिलं. त्यांची बहीण जाईबाई, म्हणजे रंभाची आत्या, अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता माझ्याकडे बघत होत्या. पुढचा नंबर माझा असावा असं वाटत होतं! तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या रंभाने हळूच विचारलं, "सारखा बंद पडतो का तो?"

"माझ्या हाताखाली? छे! कधीच नाही!" मी कॉलर ताठ केली.

"मग तुम्ही दिवसभर करता काय?"

आता सांगा, बघायला आलेल्या माणसाला मुलीने हे विचारावं? मी चहा प्यालो. भाजला! आणि खरं सांगायचं तर मुलगी मला तिथेच आवडली.

हिंदुराव म्हणाले, "म्या सोता येऊन बघतो. मंग ठरवू."

खंडेनवमीला कंपनीत कामगारांच्या घरच्यांना मशिनी बघायला सोडत. सगळीकडे झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, पेढे. माझी खोली तेवढी सोवळी! तिथे धूळ चालत नाही, धूर चालत नाही. आमचा एसी मेकॅनिक करीम सकाळीच नारळ घेऊन दारात आला. त्याला मी बजावलं, "करीमभाई, आत पूजा नाही म्हणजे नाही! कणभर कुंकू उडालं तरी मशीन बसेल!"

"आत नाही. बरोबर," करीम म्हणाला आणि शहाण्यासारखा निघून गेला.

थोड्या वेळाने हिंदुराव आणि जाईबाई आले. मी दोघांना पायताणं काढायला लावली, दारातल्या पोत्यावर पाय पुसायला लावले. आत गेल्यावर जाईबाई कुडकुडल्या. मी स्वेटरमध्ये होतो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रटरटत होतं.

"पोरगं आजारी हाय व्हय?" त्यांनी भावाला विचारलं. कुजबुजत नव्हे, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर विचारावं तसं!

"मशिनीला थंडी लागते, आत्याबाई. मी तिच्याबरोबर राहतो म्हणून स्वेटर."

कपाटांच्या रांगेसारखं ते मशीन गुणगुणत होतं. दिवे लुकलुकत होते. मी खुर्चीत बसलो. हिंदुराव समोर उभे. बराच वेळ गेला.

"आता काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"लक्ष ठेवतोय."

"कशावर?"

"बंद पडू नये म्हणून."

"पडतंय का?"

"नाही."

"आमचा राखण्या बी मळ्यात ह्येच करतो," जाईबाई म्हणाल्या. "बिगर सेटरचा!"

माझ्या अंगाची लाही झाली! आणि मग खरोखरच अंगाची लाही व्हायला लागली. मानेवरून घाम निघाला. स्वेटर काढला. भिंतीतून येणारा गार वारा थांबला होता! मशीनवरचा लाल दिवा लागला आणि घंटा कर्कश वाजायला लागली.

"ह्ये काय?" हिंदुराव दचकले.

"हे माझं काम!" असं ओरडून मी अनवाणी धावलो.

गच्चीवर एसीचं यंत्र. तिथे काय बघतो? यंत्र बंद, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला बोटभर कुंकू, समोर उदबत्त्यांचा जुडगा, आणि हातात नारळ धरून करीम!

"करीमभाई, बंद का केलं?"

"भाऊ, चालत्या मशिनीची पूजा करतात का कधी? साहेबांच्या एसीची दरसाल मीच करतो."

"मी तुला पूजा नाही म्हणालो होतो!"

"आत नाही म्हणाला होता. हे बाहेर आहे!"

"चालू कर आधी!"

"आरती अर्धी राहिली ना राव! मशीन रुसेल!"

खाली माझं मशीन जळायला आलंय आणि याला वरच्या मशिनीच्या रुसव्याची काळजी! मी खटका दाबायला गेलो. तो म्हणाला, नारळ फुटू दे. मी म्हणालो, तुझ्या डोक्यावर फोडतो! शेवटी एकदाचा नारळ फुटला, यंत्र धडधडलं आणि मी जिना उतरत सुटलो. मशीन रीतसर बंद करायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा चालू करायचं. सगळं डोक्यात तयार होतं. हिंदुरावांना आता दिसणार होतं, मी काय करतो ते!

दारात पोहोचलो, तर आत भलतंच चाललेलं!

पाय पुसायचं ते पोतं व्हरांड्यातल्या माठात बुडवून, नीट न पिळता, हिंदुरावांनी माझ्या कॉम्प्युटरवर पांघरलं होतं! जाईबाई तांब्याने वरून पाणी शिंपडत होत्या!

"आबा! काय करताय!"

"इंजन तापलं की ओलं पोतं टाकायचं," हिंदुराव शांतपणे म्हणाले. "तू पळालास. कुनीतरी बघाय नगं?"

तेवढ्यात फट्ट! निळी ठिणगी उडाली. घंटा थांबली, गुणगुण थांबली, लुकलुक थांबली. खोलीतलेच काय, अख्ख्या ऑफिसातले दिवे गेले!

"निवली बघा!" हिंदुराव खूश झाले. "कसली गप झाली!"

आणि नेमके याच वेळी, गळ्यात हार घातलेले मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन कॉम्प्युटर दाखवायला आले. अंधारात त्यांनी पोतं पाहिलं, टपटपणारं पाणी पाहिलं, तांब्या पाहिला.

"हे कोणी केलं?"

मी तोंड उघडणार, तोच हिंदुराव पुढे झाले. "म्या! म्या ह्याचा सासरा!"

सासरा! मिनिटापूर्वीपर्यंत हा गृहस्थ होकार द्यायला तयार नव्हता!

"सायेब," हिंदुराव आवेशात बोलत होते, "पोरगं येकटं किती पळंल? जिना चढतंय, उतरतंय, घामाघूम झालंय, पायांत पायताण न्हाई! असला कामाचा जावई मला सबंध तालुक्यात गावला न्हाई! त्याच्या हाताखाली मानसं द्या!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्जुनराव, हे तुमचे सासरे?"

नाही म्हणालो असतो तर रंभा गेली असती. हो म्हणालो तर नोकरी! तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

मी म्हणालो, "होय, साहेब."

मुंबईहून इंजिनिअर आला. त्याने मशीन उघडलं. आतून सुतळीचे धागे निघाले, गाळ निघाला आणि एक भुईमुगाचं टरफल निघालं. ते चिमटीत धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये टरफलाचा धडा नव्हता!

त्या महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या कारकुनांनी हाताने लिहिल्या, पण काय आनंदाने! राक्षसाला पोत्यात घातलं म्हणून युनियनने हिंदुरावांना बोलावून शाल दिली. नारळही दिला, करीमच्या हस्ते! आणि गावात बातमी काय पसरावी? तर जावयाचं मशीन पेटलं होतं, आबांनी वाचवलं! मी काय सांगू, लग्नात लोक मला ओलांडून आधी सासऱ्यांचं अभिनंदन करत होते!

लग्नानंतर कामावर रुजू झालो, तोच साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, संपलं. आता लेथवर, नाहीतर थेट घरी. रंभाला काय तोंड दाखवणार?

"बसा," साहेब म्हणाले. "त्या जागेसाठी बरेच अर्ज आलेत. शिकलेली पोरं आहेत. पण मी ठरवलंय, ती खोली कायमची तुमच्याकडेच राहील."

मी उठून हात जोडले. "साहेब, माझ्या कामावर एवढा विश्वास..."

"कामामुळे नाही हो!" साहेब वैतागून म्हणाले. "नवा माणूस घ्यायचा म्हणजे त्याचे सासरे कसे निघतील, कोण सांगणार? तुमचे निदान एकदा येऊन तरी गेले!"

घरी येऊन मी रंभाला एवढंच सांगितलं, की साहेब म्हणाले, अर्जुनरावांशिवाय ती खोली दुसऱ्या कोणाच्या हाती देणं शक्य नाही. आणि साहेबांनाही मी एक गोष्ट बोललो नाही. रंभाला तीन भाऊ आहेत, तिघांचाही डिझेल इंजिनात चांगला हात आहे, आणि कॉम्प्युटर त्यांनी अजून बघितलेला नाही.