छातीवर बांधलेला लोड

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर चंद्रकलानं माझ्या छातीवर लोड बांधला आणि मला ग्राउंडवर उभं केलं. बैठकीतला लोड, तिच्या जुन्या ओढणीनं गाठ मारून. रोजचंच होतं, म्हणून मी तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाय.

माझी बायको बास्केटबॉलवाली. राज्याकडून खेळलेली. उंची अशी की बघायला आलेले लोक चहा न पिता उठायचे. मी बसून राहिलो. शिक्षण चौथी, उंची तिच्या खांद्याला, पण चहा चांगला होता.

खेळ सुटून जमाना झाला तरी तिची पाठ काही रिटायर झाली नाय. रिंगकडं पाठ करायची, मागच्याला अंगानं रेटत न्यायचं आणि गर्रकन वळून बॉल टाकायचा, ही तिची खासियत. औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारातबी तेच. गर्दीत तोंड पुढं करून कधी शिरलीच नाय. पाठ लावायची, "जरा सरका, भाऊ," म्हणायची, आणि भाऊ कोथिंबिरीपासून थेट बटाट्यापाशी. घरात ओट्यापाशी मी मधी आलो की फ्रिजला टेकेपर्यंत रेटायची. वर म्हणायची, "अहो, तुम्ही माणूस हाय का पडदा? पाय रोवा की."

एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. टीव्हीसुद्धा उभ्यानं बघायची, येरझाऱ्या घालत.

ग्राउंडवर फुलंब्रीकडची पुष्पा यायची. धनगराची पोर, जिल्ह्याच्या टीममधली, चंद्रकलाहून बोटभर उंचच. पण उंचीची लाज, वाकून चालायची. कुणी धक्का दिला की "सॉरी ताई" म्हणून बाजूला व्हायची. त्यापायी मागल्या खेपेला राज्याच्या टीममधून नाव कटलं. आता रविवारी पुन्हा निवड होती. औंदा नाव नाय आलं तर गावी जाऊन शेरडं राखीन, म्हणायची.

चंद्रकलानं तिला हाताखाली घेतलं. "पुष्पे, सॉरी घरी ठेव. पाठ लाव. मागं हाय तो काका नाय, भिंत हाय."

भिंत म्हंजी मी.

पोरगी तयार होत होती, पण एक गोष्ट मला खटकायची. रेटायची ती फक्त उजव्या खांद्यानं. डावा लागला की चंद्रकला शिट्टी मारून थांबवायची. त्या शेवटच्या संध्याकाळी मी म्हणलं, "अगं, समोरचीला लगेच कळंल. डाव्या बाजूनं कोण शिकवणार हिला?"

"तुम्हाला काय कळतं? आज लई मऊ उभे होता. उद्या घट्ट उभे राहा."

रात्री झोपली ती उठलीच नाय. दुपारपर्यंत सगळं आटपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. जो तो मला बस म्हणायचा. बसवंना. लोड काखेत मारला.

बहीण म्हणाली, "दादा, सुतकात कुठं निघालास?"

"ग्राउंडवर."

"लोक काय म्हणतील?"

"विचारून ठेव. आल्यावर सांग."

पुष्पा आली होती. रिंगखाली बॉल मांडीवर घेऊन बसलेली, डोळे सुजलेले. मी लोड बांधायला लागलो. गाठ जमंना, तिनं मारली. मग पाठ लावून रेटलं. उजव्या खांद्यानं.

"डावा लाव."

"नको, काका."

"का?"

ती खाली बघून बोलली. "काकूंनी शपथ घातली व्हती. चितेगावच्या कारखान्यात तुमच्या अंगावर पोतं पडून डावी फासळी मोडली व्हती नं? तिथं धक्का नाय लागला पायजे म्हणल्या. अन् काकांना बोलायचं नाय."

ती फासळी जुळून लई वर्षं झाली. मी विसरूनसुद्धा गेलो होतो. ही राज्याकडून खेळलेली बाई माझ्या एका हाडासाठी पोरीला अर्धाच डाव शिकवत होती, आणि तोंडानं मला पडदा म्हणत होती.

मी पाय रोवले.

"तिची शपथ मी सोडवली. लाव डावा."

तिनं हळूच टेकवला.

"सॉरी घरी ठेव, पुष्पे."

मग तिनं जोर लावला. दुखलं. मी हललो नाय.