लाग्रीव नाटककार आणि जावोतबाईंची तोंडबंदी

श्रीशारदा प्रसन्न, आणि ज्यांच्या हुकुमावाचून शारदेसही तोंड उघडता येत नाही ते हुजूरही प्रसन्न असोत. शके सोळाशे बत्तीस, विकृतीनाम संवत्सरी, फरासिसांचे राज्यात बातिस्त लाग्रीव नामे एक लहानसा नाटककार होता, त्याची हकीकत ऐसी. थोरांच्या बखरी लिहावयास पुष्कळ बसले आहेत, लहानांस कोण पुसतो, म्हणोन आम्हीच लेखणी उचलली. लाग्रीव जत्रेत फड बांधोन विनोदी खेळ करीत असे, आणि त्याची बायको जावोतबाई त्या फडात मुख्य नटी, आणि आवाज ऐसा खणखणीत की जत्रेच्या पार टोकाचा पाववाला हातचे काम टाकोन कान देई. लाग्रीवास दुसरा सोस नव्हता. आपले वाक्य बाईंचे तोंडून निघावे आणि लोकांनी खदखदा हसावे, एवढ्यावर तो जगत होता.

ज्या शहरी ही जत्रा भरे, त्याच शहरी बादशहांची थोरली रंगशाळा होती. तेथील नट मोठे मातबर, आणि प्रेक्षक जांभया देणारे. जत्रेतले हसू ऐकोन नटांच्या नाकास मिरच्या झोंबल्या, आणि मग त्यांनी हुजुरांत अर्ज गुदरला की, रंगमंचावर संवाद बोलणे हा आमचा वतनी हक्क, जत्रेतील सोंगाड्यांनी एकमेकांशी बोलू नये. हुजुरांनी तैसा हुकूम फर्माविला. मग लाग्रीवाने काय केले, की एकाने बोलावे आणि आत पळावे, मग दुसऱ्याने बाहेर येऊन उत्तर द्यावे आणि त्यानेही पळावे, आणि लोकांची हसोन मुरकुंडी वळली. मग दुसरा हुकूम सुटला की एकानेही बोलू नये. मग लाग्रीवाने थोर पाट्यांवर पदे लिहोन वरून सोडली, आणि नटांनी नुसते हातवारे केले, आणि समोरचे हजार लोक पाटी पाहोन आपणच गाऊ लागले. ज्यांस वाचता येई ते गात, बाकीचे मागून ओढीत. कोतवाल धरावयास आले, परंतु नट मुके आणि प्रेक्षक गाणारे, धरावे कोणास? त्यांचेच दोन शिपाई सूर धरोन बसले होते.

जावोतबाई मात्र कष्टी जाहल्या आणि नवऱ्यास म्हणाल्या, "अहो, देवाने मला गळा काय नुसता घास गिळावयास दिला? मी हात हालवते, आणि माझी वाक्ये तो पाववाला गातो."

लाग्रीव म्हणाला, "धीर धर. थोरल्या रंगशाळेत माझा शिरकाव होऊ दे, सारे तुझ्याच तोंडी देतो."

आणि शिरकाव जाहला. थोरली रंगशाळा ओस पडली, तेव्हां तेथील मुख्य नटाने ताडले की हा माणूस हुकुमाने गप्प होत नाही, यास मान द्यावा. मग मानाचा पोशाख आणि बसावयास खुर्ची ऐसे बोलावणे धाडले. बाईंविषयी कळविले की, त्यांचा आवाज दरबारी कानांस सोसणार नाही, त्यांनी जत्रेतच असावे. लाग्रीव खाली मान घालोन एकटाच गेला. लिहिताना आम्हांस लाज वाटते, परंतु गेला. तेथे त्याचे नाटक सात गृहस्थांनी वाचिले, आणि प्रत्येकाने एकेक हसण्याची जागा खोडली, आणि मग उरलेल्यात विनोद नाही म्हणोन नाटक कपाटात ठेविले. ऐसी अकरा नाटके कपाटात गेली.

पाचवे वर्षी मुख्य नट म्हणाले, "लाग्रीव, जत्रेच्या खोडी तुम्हांस ठाऊक. त्या फडावर हुजुरांत फिर्याद गुदरावयाची, ती तुम्हीच लिहा."

लाग्रीवाने लिहिली, आणि पाच वर्षे कोंडलेले सारे तीत ओतले. त्या राज्याचा कायदा ऐसा की, फिर्याद असो की परवानगी, ज्याची त्यासमोर जागेवरच मोठ्याने वाचावी. मग सरकारी कारकून जत्रेत गेला आणि सुतकी चेहऱ्याने वाचू लागला: "कलम चौथे. सदरहू बाई तोंड मिटोन ऐशा पाहतात की, मागील रांगेसही ऐकू येते." लोक बाकांवरून खाली पडले. कारकुनास काही उमगेना, तो अधिकच गंभीर होई, आणि हसू अधिकच वाढे. लाग्रीव गर्दीत मागे टोपी ओढोन उभा होता. आपले वाक्य माणसाचे तोंडून ऐकोन त्याच्या डोळ्यांस धारा लागल्या.

जावोतबाईंनी त्यास ओळखिले. रंगमंचावर बोलणे गुन्हा, म्हणोन त्या खाली उतरल्या, गर्दीतून त्याजपाशी आल्या, आणि म्हणाल्या, "झकास लिहिले आहे. पण हे माझ्या तोंडी हवे होते."

लाग्रीवाने टोपी आणखी खाली ओढली. तो खुर्चीवर परत गेला.

सारांश हा की, लाग्रीवाची अकरा नाटके कपाटात आहेत, कोणी ऐकिली नाहीत. फिर्यादी त्याने पुढे दरसाल लिहिल्या, त्या लोकांस तोंडपाठ आहेत. जावोतबाईंस बोलण्याची परवानगी हुजुरांनी अखेर दिली. ती येऊन पोहोंचली तेव्हां बाईंस जाऊन दोन महिने जाहले होते, परंतु कायदा तो कायदा, कारकुनाने कबरीपाशी उभे राहोन ती मोठ्याने वाचोन दाखविली. हसावयास कोणी नव्हते. आम्ही लेखणी येथे खाली ठेविली.