गयाबाईनं विषय पाह्यला

आम्ही दोघं सोबत गेल्तो ते शेवटचं ठिकाण म्हंजी मंठ्याच्या कॉलेजातला वनस्पतीशास्त्राचा विभाग. देवाला न्हाई, कुणाच्या लग्नाला न्हाई. माझी बायको गयाबाई तिथं विषय पाह्यला आल्ती आन् मी तिची पिशवी धरायला.

पाह्यला म्हंजी पोरीसाठी स्थळ पाह्यला जात्यात तसं. ठेवणीतलं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. उंबऱ्यात थांबून तिनं आधी आत नजर फिरवली. कोपऱ्यात जाळी हाय का, फरशी पुसलेली हाय का, माठावर झाकण हाय का. तिथले सर बिचारे भले. त्यांनी शिपायाला च्या सांगितला. गयाबाईनं हात आडवा केला.

"च्या नगं. बोलणी पक्की न्हाईत अजून. पाणीबी घेत नसते मी."

सर म्हणले, "आजी, कसली बोलणी?"

"आमच्या सुनंची. तुमच्या विषयासंगं."

सरांनी माझ्याकडं पाह्यलं. मी पिशवीकडं पाह्यलं.

आता तुम्ही म्हणताल, ही बाई येडी होती का? थोडी होती. पंचक्रोशीतली लग्नं जमवणं हा तिचा नाद. कुणी फोटो घेऊन आलं की ती फोटो उलटा घालून ठेवायची आन् म्हणायची, "फोटो नगं, घर दाखव." घर पाह्यला गेली की चुलीपस्तोर जायची. सासू किती ओरडती हे शेजारणीला इचारायची. गोठ्यातल्या ढोरांच्या बरगड्या पाह्यची. तिनं मोडलेली लग्नं जमवलेल्यापेक्षा जास्ती, आन् मोडलेल्यांचेच आईबाप पुढं तिला भेटून हात जोडायचे.

आमचं गाव वाटूरहून मंठ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला. पोरगा भगवान जालन्याला सळईच्या कारखान्यात, सुट्टीला घरी येतो. सून अर्चना बारावी सायन्स करून आल्ती. लग्नाच्या बैठकीत तिच्या बापानं एकच मागितलं होतं की पोरीला शिकू द्या. असं सगळेच मागत्यात आन् सगळेच हो म्हणत्यात. हळद उतरली की विसरत्यात. आमची ही विसरली न्हाई. तिनं पोरीचं नाव मंठ्याच्या कॉलेजात बीएस्सीला घातलं. भगवान म्हणला, आई, खर्चा हाय. ती म्हणली, तू गुटखा खातो तो काय सरकार देतं?

पहिलं वर्ष बराबर गेलं, सगळे विषय थोडे थोडे. दुसऱ्या वर्षाला नवाच कारभार. अर्चनानं एक छापील तक्ता आणला आन् सासूपुढं वाचला. एक विषय थोरला धरायचा, एक धाकटा. शिवाय दुसऱ्या शाखेतला एक. शिवाय हाताच्या कामाचा एक. शिवाय गावात फिरून करायचा प्रकल्प. वाचता वाचता पोरीला दम लागला. मी तिसरीतून उठलेला माणूस. मी म्हणलो, हे शिक्षण हाय का रुखवत?

गयाबाईला मात्र सगळं चटकन कळलं. "थोरला म्हंजी नवरा," ती म्हणली. "जल्माची गाठ. तिथं चूक चालत न्हाई. धाकटा म्हंजी दीर. चांगला निघाला तर बरं, न्हाई तर निभतं."

"आन् दुसऱ्या शाखेतला?" मी इचारलं.

"नवऱ्याचा मित्र. सणावाराला येतो, खाऊन जातो."

मंग तिनं एकेक घर पाह्यला काढलं. एखाद्या दिवशी म्हशीच्या धारंला अर्चना घरी थांबायची आन् आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं कॉलेजात. शिपाई आम्हाला वळखायला लागला.

रसायनशास्त्रात ती शिरली आन् नाकाला पदर लावून माघारी आली. "कमावतं हाय म्हणत्यात," ती म्हणली, "पर घरात वास. अशा घरी पोरगी खोकत ऱ्हाती."

प्राणिशास्त्रात बरण्याच बरण्या. बरणीत साप, बरणीत बेडूक, एका बरणीत काय होतं ते मी नीट पाह्यलं न्हाई. ती सगळ्या बरण्यांपुढून सावकाश हिंडली. बाहेर आल्यावर म्हणली, "खानदान मोठं हाय. पर मेलेल्यांचे फोटो लई लावलेत." तिथल्या मॅडम हसऱ्या होत्या, म्हणून तिनं तो विषय दीर म्हणून पसंत केला.

खरी गंमत सूक्ष्मजीवशास्त्राची. तक्त्यात ते सगळ्यात वर, ठळक अक्षरात. पोरींमधी त्याचंच नाव. लॅबमधी नोकरी लागती म्हणत्यात. अर्चनाच्याबी मनात तेच. आम्ही जिना चढून गेलो तर दाराला कुलूप. ऑफिसातला बाबू म्हणला, "विषय मंजूर हाय बाई. सर मंजूर न्हाईत."

"म्हंजी मांडव हाय आन् नवरदेव न्हाई."

"येतील की. जागा निघणार हाय. तवर दुसरे सर अधूनमधून पाह्यतील."

"दादा," ती म्हणली, "पोरगं पुण्याला हाय, मोठ्या कंपनीत हाय, पुढच्या साली येणार हाय. असली लई स्थळं पाह्यली मी. त्या पोरी अजून दाराकडं पाहून राह्यल्या."

जंतू डोळ्याला दिसत न्हाईत हे मला ठाऊक होतं. शिकवणाराबी दिसत न्हाई, हे मी त्या दिवशी शिकलो. मी बाबूला म्हणलो, मंग तक्त्यात छापलं कामून? तो म्हणला, निवड पाह्यजे ना पोरांना. गावातल्या हॉटेलाच्या पाटीवर असंच ऱ्हातं. पाटीवर लई काय काय लिहिलेलं, आन् आत इचारलं की भजी.

प्रकल्पाचंबी तिनं इचारून घेतलं. गावात जायचं, पिकावरची कीड पाह्यची, लिहून आणायचं. "आमची सून रोज खुरपती, कीड रोजच पाह्यती," ती म्हणली. "तिला मार्क देऊन टाका." प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणल्या, त्याला मार्गदर्शक लागतो. ही म्हणली, "मी हाय की."

राह्यलं वनस्पतीशास्त्र. तिथंच आम्ही शेवटचे गेल्तो. सरांनी तिला सूक्ष्मदर्शक दाखवला, कांद्याची पापडी दाखवली. तिनं एक डोळा मिटून पाह्यलं, आन् पाहून झाल्यावर सरांना इचारलं, "इथं आधी आलेल्या पोरी कुठं हायत?"

"म्हंजी?"

"घरात आधी आलेल्या सुना कशा हायत, हे इचारावं लागतं. पुढं शिकल्या, नोकरी लागली, का काय झालं त्यांचं?"

सरांनी खुर्ची ओढली आन् बसले. म्हणले, "आजी, खरं सांगू? पोरी हुशार असत्यात. दिवाळीपस्तोर वर्ग भरलेला. मंग लग्नाचा हंगाम येतो. मे महिन्यात मी परीक्षा घेतो तवा अर्धे बाक मोकळे. सासरचे म्हणत्यात शिकवू. शिकवत न्हाईत."

"मंग खोट तुमच्या घरात न्हाई," गयाबाई म्हणली. "सोयऱ्यात हाय."

आन् तिनं शिपायाला हाक मारली, "आण रे दादा तो च्या." बशीत वतून सगळा पिली. माझ्यासाठी इशारा तेवढा बस होता. येताना एसटीत ती एवढंच म्हणली, "घर बराबर हाय. माणूस खोटं बोलत न्हाई."

त्याच आठवड्यात दुपारी जेवून जरा पडते म्हणली. पडली ती उठली न्हाई. डॉक्टर म्हणला, हृदय. मला त्यातलं कळत न्हाई. ताट तिनं घासून ठेवलं होतं.

घरात पावणे जमले. माझी बहीण पारूबाई अंकुशनगरहून आली, आन् आल्या दिवसापासून घराचा कारभार तिनं हातात घेतला. गयाबाईच्या लुगड्यांचं गाठोडं बांधलं, वाटून टाकायला. तेराव्याच्या जेवणाची भांडी आवरतानी ती सगळ्यांदेखत म्हणली, "आता पोरीचं कॉलेज बास. घर कोण पाह्यील? म्हैस कोण पिळील?"

म्हशीचा सवाल खोटा न्हवता. सकाळची गाडी गावातून जाती त्याच वख्ताला म्हैस पान्हा सोडती. आधी सोडत न्हाई, मागं थांबत न्हाई. गयाबाई धार काढायची, अर्चना वेणी घालून गाडीला पळायची. दुसरी गाडी दुपारी, तवा कॉलेज सुटतं. गयाबाई गेल्यापासून म्हैस फक्त अर्चनाला हात लावू द्यायची. मी जवळ गेलो की लाथ. भगवान गेला तर शिंग.

"शिकून काय झाडाची पानं मोजणार हाय का?" पारूबाई म्हणली. "भगवान, तू सांग की."

भगवान पायाच्या अंगठ्याकडं पाहून राह्यला.

अर्चना आतून आली. "आत्याबाई, मी कुठं जाते म्हणले?" आन् माझ्याकडं वळून म्हणली, "मामा, उद्या विषय नोंदवायचा शेवटचा दिवस हाय. उद्या गेलं न्हाई तर साल गेलं. जाऊ द्या. मी न्हाई जात."

पारूबाईनं "शहाणी हाय पोरगी" म्हणून पातेलं पालथं घातलं. तिच्या लेखी मामला मिटला.

दिवेलागणीला मी गोठ्याच्या दारात बसलो होतो. अर्चना धार काढून उठली. मी तिला इचारलं, "तिनं एवढं कामून केलं गं? लोकं हसायची. तुला माहीत हाय का काही?"

 ती बादली खाली ठेवून म्हणली, "एकदा सांगत होत्या. म्हणल्या, मला दिलं तवा कुणी घर पाह्यला आलं न्हाई. बाजारात दोन माणसं बोलली आन् झालं. गाडीतून उतरले तवा या घराचं दार कुण्या बाजूला हाय, तेबी मला ठाऊक न्हवतं. बोलायला कुणी न्हाई. मंग मी म्हशीपाशी येऊन बसायचे. तिला सगळं सांगायचे, माहेरचं, इथलं. म्हणल्या, म्हशी बदलल्या, पर माझी सवय गेली न्हाई."

संसारभर मला वाटत आलं होतं की बाई म्हशीची शौकीन हाय. शेजाऱ्यापाजाऱ्यात मी तसं सांगतबी होतो.

 अर्चना बादली घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दिसायला लागलं तवा मी पारूबाईचं गाठोडं सोडलं. चांगली लुगडी बाजूला केली आन् तळातलं गोठ्यातलं जुनं काढलं. पेंडीचा वास होता त्याला, आन् तिचा. मला नेसता येतंय होय! धोतरावरून गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला, मिशी झाकली जाईल असा पुढं ओढला आन् बादली घेऊन खाली बसलो. म्हशीनं मान फिरवली. हुंगलं. लाथ मारली न्हाई, पर पान्हाबी सोडंना.

बोलायला पाह्यजे होतं. म्हशीशी काय बोलत्यात ते मला कुठं ठाऊक? मी हळूच म्हणलो, "आज पोरीचं पक्कं व्हतंय. वनस्पतीशास्त्र. घर चांगलं हाय, माणसं खरी हायत. तिनं स्वता पाह्यलंय."

आन् धार लागली. बादलीच्या तळाला आवाज झाला तशी अर्चना दारात आली. मला पाह्यलं आन् तोंडावर हात धरला. हसती हाय का रडती हाय, ते मी पाह्यलं न्हाई. तिच्या मागून पारूबाईचा आवाज आला, "अगं बाई, हे काय सोंग घेतलंय दादानं!"

"पारे, हळू बोल," मी म्हणलो. "म्हैस बिचकंल." आन् मान वर न करता सुनंला म्हणलो, "जल्दी कर. गाडी वाटूरला आली असंल."

ती पळाली. मी पदर सारखा केला आन् दुसऱ्या सडाला हात घातला.